वहिनीचं वाक्य

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच बाजूला टाकतेस, हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी पत्ता छापून चिकटवला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

दादाची बायको फ्रान्सहून येऊन गेली. दादा गेल्याचं मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यामुळे पुढचं काही कळवायचा धीर झाला नव्हता. वहिनीने स्वतःहून मला लिहिलं, की त्याच्या आईला एकदा भेटायचं आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "येऊ दे. शिव्या घालायला येत असेल तरी येऊ दे."

शिव्या घालायला ती आली नव्हती. उंच आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, शाळेत मुलांना पोहायला शिकवते आणि खांदेही तसेच आहेत. मोठी बॅग स्वतःच उचलून जिना चढली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. आई दारात उभी होती. आईला फ्रेंच येत नाही, वहिनीला मराठी. पण आईचा ठाम समज असा, की मराठी जरा मोठ्याने बोललं की कुणालाही कळतं. "चहा! चहा घेणार का?" ती वहिनीच्या कानाशी जाऊन ओरडली. वहिनी दचकून "वी, वी", म्हणजे हो, हो, म्हणाली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, सगळं कळतं तिला."

बाकी सगळा भार माझ्यावर. तोंडात घास, आणि दोन्ही बाजूंनी वाक्यं. इतकी वर्षं लोकांना फ्रेंच शिकवतोय, पण स्वतःच्या घरातल्या टेबलावर ती बोलायची वेळ पहिल्यांदाच आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने तो विषय स्वतःच काढला. "तिला सांग," म्हणाली, "मुलांचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा मोठ्याचा तिकडून फोन यायचा. मी सांगायची, बरे आहेत, झोपलेत. त्याची परीक्षा होती. परीक्षा झाली की सांगू म्हटलं. परीक्षा झाली, पण तोवर हे राहिले नव्हते." तू तिच्या हातातून फोन ओढायला गेली होतीस, तेही तिने सांगितलं. "माझी मुलगी खरं सांगायला निघाली होती, मी तिच्या हातावर फटका मारला." हे ती कुणाला सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला. मग आई म्हणाली, "आता विचार तिला. जाण्याआधी त्याने मला माफ केलं का?"

वहिनी टेबलाकडे बघत बोलली. तिचं वाक्य इथे उतरवत बसत नाही. मथितार्थ असा, की दादाने आईला माफ केलं होतं.

एवढंच कळवायचं होतं. ज्याला बाबांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही त्यानेच सोडून दिलं, तर आपण ते किती दिवस धरून बसायचं? मी तेव्हा मूग गिळून बसलो म्हणून तू माझ्यावरही चिडलीस, ते मला मान्य आहे. पण आई थकली आहे. "तिला लिही," म्हणाली. "तुझ्या शब्दांत लिही. माझे शब्द दिसले तर यायची नाही."

ये. निदान फोन तरी कर.

धाकटा


१८ फेब्रुवारी

ताई,

तू फोन केलास आणि घर बदललं. तुझा आवाज ऐकून आईने घाईघाईत फोन उलटा धरला होता, म्हणून तुला सुरुवातीला काही ऐकू आलं नसेल. तुम्ही दोघी काय बोललात मी ऐकलं नाही, बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आत आलो तर आई डोळे पुसत हसत होती. त्या दिवसापासून ती मागच्या खोलीच्या मागे लागली आहे. गादी उन्हात घातली. पडदे धुतले. तुझं जुनं कपाट उघडत नव्हतं, तर सुताराला बोलावून त्याचं दार तासून घेतलं, आणि सुताराला सांगितलं, "माझी मुलगी येणार आहे." त्याने विचारलंही नव्हतं. जेवते नीट. झोपते तर इतकी गाढ, की सकाळी मला दोनदा हाक मारावी लागते.

फोन माझ्याकडे आल्यावर तू मला दोन गोष्टी विचारल्यास. एक, वहिनी ठरल्यापेक्षा लवकर का गेली? तिच्या शाळेच्या मुलांच्या स्पर्धा होत्या, बहुतेक. दुसरं, ती नेमकं काय म्हणाली? "दादाला मी ओळखते, तो असा सहज सोडणाऱ्यातला नव्हता," असं तू म्हणालीस, तेव्हा दारावर कुणीतरी आलं म्हणून मी फोन ठेवला. ताई, आजारपणात माणूस बदलतं. मला वाटतं, एवढं उत्तर पुरे व्हावं.

माझं नेहमीचंच चाललंय. चष्म्याच्या दुकानावर ती एक खोली, संध्याकाळचा वर्ग. या तुकडीत एक केस कापणारी बाई आहे, तिला तिकडे सलूनमध्ये नोकरी मिळाली आहे. एक निवृत्त इंजिनिअर आहेत, नातवंडांशी बोलता यावं म्हणून शिकतात. आणि एक पठ्ठ्या आहे, त्याचं नावच आम्ही 'कशाला' ठेवलंय. काहीही शिकवा, त्याचा हात वर. "सर, हे कशाला?"

या आठवड्यात सब्जाँक्तिफचा भूतकाळ घेतला. तुला कंटाळा येईल, पण सांगतो. फ्रेंचमध्ये एखादी गोष्ट घडली एवढंच सांगायचं असेल तर क्रियापदाचं साधं रूप चालतं. पण तिच्याआधी माणसाचं मन आलं, म्हणजे आनंद झाला की ती घडली, भीती वाटते की ती घडली, ती घडली असं वाटत नाही, की लगेच क्रियापदाला दुसरं रूप घ्यावं लागतं. कशालाचा हात वर. "सर, झालं ते झालं. घडून गेलेल्या गोष्टीला वेगळं रूप कशाला?" इंजिनिअर म्हणाले, "अहो, लग्न झालेलं नाही वाटतं तुमचं." सगळे हसले.

पुस्तकात 'बोलणे' हे क्रियापद चालवून दाखवलं होतं. ते झाल्यावर कशाला म्हणाला, "सर, बोलणं झालं. आता खोटं बोलणं घ्या." मी फळ्यावर पहिली ओळ लिहिली. क झे मांती. मी खोटं बोललो, हे. पुढे तू, ती, आपण, तुम्ही, ते अशी पाच रूपं राहिली होती. माझा घसा बसला होता म्हणून वर्ग तिथेच सोडून दिला.

रजा मिळते का ते कळव. आई रोज विचारते.

धाकटा


२ मार्च

ताई,

रजा मिळाली असं तू आईला कळवलंस. तिकीट काढलं नसशील तर थांब. काढलं असशील तरी आधी हे वाच.

दादाने आईला माफ केलं असं वहिनी म्हणाली नव्हती.

तिचं वाक्य हे होतं: झ न क्र्वा पा किल लुई ए पार्दोने. त्याने तिला माफ केलं असं मला वाटत नाही. सावकाश म्हणाली, कारण मला ते मराठीत सांगायचंय हे तिला माहीत होतं. अवघड म्हणावं असं त्यात काही नव्हतं. माझ्या वर्गातल्या कुणालाही जमलं असतं.

आई तिच्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "त्याने तुला माफ केलं होतं असं तिला वाटतं." 'नाही' खाऊन टाकलं. पूर्ण वाक्यातून तेवढंच.

आईची दया आली असं सांगणं सोपं आहे. आलीही असेल. पण खरं सांगू, मला माझीच भीती वाटली. ते वाक्य आईने वहिनीच्या तोंडून ऐकलं नसतं, माझ्या तोंडून ऐकलं असतं. मग जन्मभर तिने माझ्याकडे बघितलं की तेच आठवलं असतं. मला ते नको होतं. माझ्या अंगावर आलेली गोष्ट मी झटकून टाकली, बस.

आई उठली. टेबलाला वळसा घालून गेली आणि वहिनीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पोरी, तू माझ्या छातीवरचा दगड उतरवलास." वहिनीने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात त्या?" तिने विचारलं. मी फ्रेंचमध्ये सांगितलं, "तू आलीस म्हणून आभार मानतेय." म्हणजे एकदा मराठीत, एकदा फ्रेंचमध्ये. दोन्ही भाषा बाटवल्या.

त्या संध्याकाळी आई गुणगुणत होती. दुसऱ्या सकाळी वहिनी सिंकपाशी कप धूत होती, मी पुसत होतो. तिने नळ बंद केला.

"मी काल तुझ्या आईला फार वाईट गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "त्यानंतर त्या गात होत्या. तू त्यांना काय सांगितलंस?"

मी पुसलेलाच कप परत पुसायला घेतला.

"काय सांगितलंस?"

सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. हात पुसून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला इथे यायचंच नव्हतं. तो म्हणाला म्हणून आले. आजारात त्याने मला एवढंच बजावलं होतं, की आईला भेट, आणि तिने विचारलं तर खरं सांग. म्हणाला, त्या घरात सगळे एकमेकांच्या भल्यासाठी खोटं बोलतात. तू तसं करू नकोस."

"मग आता तू सांग तिला," मी म्हणालो. काय बोलून गेलो बघ!

"कुठल्या भाषेत?" तिने विचारलं.

त्याच दिवशी तिने बॅग भरली. स्पर्धा वगैरे काही नव्हत्या. आईला तिने घट्ट मिठी मारली आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बस येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. चढताना म्हणाली, "तुझी आई मला जे देत होती ते माझं नव्हतं. ते घेऊन चालले आहे. तुझं तू बघ."

मी काय बघितलं? तुला पत्र लिहिलं. त्याच खोट्यावर तुला बोलावलं. बाबांच्या वेळी फोनच्या बाजूला मी नुसता बसलो होतो. या वेळी फोन माझ्याच हातात होता.

तू आईला फोन केलास तो दादामुळे केलास, हे मला कळतं. तो फोन आता तुला परत घ्यावासा वाटला तर घे. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. फक्त आईला तू सांगू नकोस. ते मला सांगायचंय.

धाकटा


१० मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नाही.

काल दुपारी आईला सांगितलं. ती तुझ्या खोलीत उशीला अभ्रा घालत होती. मी म्हटलं, "आई, वहिनी तसं म्हणाली नव्हती." तिने अभ्रा अर्ध्यावरच सोडला आणि पलंगावर बसली.

"कसं म्हणाली होती?"

मी सांगितलं.

"तिच्या भाषेत म्हण."

म्हटलं.

"परत म्हण. हळू." दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "यातलं 'नाही' कुठलं?"

"पा."

"एवढंसंच? आणि तू ते गिळलंस." मग म्हणाली, "ते 'ए' काय आहे मग?"

तुला सांगतो, ताई, त्या क्षणी मला पुन्हा एक फट दिसली. तो 'ए' म्हणजेच ते दुसरं रूप. शंका असली की येणारं. मी तिला म्हणू शकलो असतो, की बघ, भाषेतच शंका आहे, तिला खात्री नाही, त्याने माफ केलंही असेल. व्याकरणाच्या दृष्टीने कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं. आईसुद्धा तिकडेच निघाली होती. "म्हणजे नक्की 'नाहीच' असं नाही ना?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता!

मी म्हटलं, "आई, त्या रूपावर जाऊ नकोस. ती त्याच्याजवळ शेवटपर्यंत होती. तिला वाटतं, त्याने तुला माफ केलं नाही. तिला तेच सांगायचं होतं."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग आई म्हणाली, "तुझा दादाही असाच झोपला असेल तिकडे. बाबा बरे आहेत, झोपलेत, म्हणून. मी इतके दिवस कशी झोपले रे!"

मी तिच्याजवळ बसायला गेलो. "तिथेच उभा राहा," म्हणाली. "त्या मुलीचं तोंड मी हातात धरलं. हसले तिच्यासमोर. मला काय म्हणाली असेल ती मनात? एवढं ऐकून ही बाई हसते!" माझ्या खोटेपणापेक्षा ते हसणं तिला जास्त लागलंय. ते मी कशानेच पुसू शकत नाही.

संध्याकाळी तिने मला कागद घेऊन बसवलं. "तिला लिही. या वेळी माझ्या शब्दांत. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर बघ." ती बोलली तसं वेगळ्या कागदावर लिहिलं, तो सोबत आहे:

"बाळा, तुझ्या दादाने मला माफ केलेलं नाही. धाकट्याने तुला आधी वेगळं लिहिलं होतं, ते चूक. तुला यायचं असलं तर हे माहीत असून ये. तुझ्या हातावर मी मारलं ते बाबांसाठी नव्हतं, दादासाठीही नव्हतं. तो रडायला लागला तर काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं, म्हणून. तू खरं सांगत होतीस. आता तूही माफ करू नकोस, चालेल. तुझी खोली साफ करून ठेवली आहे. ती साफच ठेवीन. खोलीचा आणि माफीचा काही संबंध नाही. आई."

शेवटी मी विचारलं, "माझं काही लिहू का खाली?" म्हणाली, "तुझं तू वेगळं लिही. माझ्यात मिसळू नकोस."

म्हणून हे वेगळं.

धाकटा


२४ मार्च

ताई,

आई म्हणाली, "शुक्रवारी सकाळी स्टेशनवर जायचंय तुला." मी विचारलं, कोण येतंय? "गेलास की दिसेल." म्हणजे तू येतेस. मग हे पत्र कशाला, असं आमचा कशाला विचारेल. कारण तू घरात पाऊल टाकण्याआधी घरात काय चाललंय ते तुला माहीत असावं, आणि समोरासमोर मला हे सांगता येणार नाही.

वहिनीला मी कळवलं होतं, की आईला सांगितलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: झ स्वी कोंतांत क त्यु ल लुई ए दी. तू त्यांना ते सांगितलंस याचा मला आनंद आहे. खाली तिने आईसाठी स्वतःचा फोन नंबर दिला आहे, आणि दोघींमधलं बोलणं सांगायला एखादी दुसरी व्यक्ती शोधायला सांगितली आहे. इंजिनिअरांना विचारलंय. ते म्हणाले, त्यांना आनंदाने जमेल.

वर्गात ती राहिलेली पाच रूपं घेतली. कशालाने एकदाही हात वर केला नाही, तेव्हा म्हटलं काय झालं? म्हणाला, "सर, हे कळलं."

तुझं पत्र आलं ते आईच्या नावावर होतं. तिचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. तिची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं मीच वाचून दाखवतो. मी सवयीने हात पुढे केला. तिने पत्र पदराआड घेतलं आणि खाली शिंपीणबाईंकडे गेली. त्यांनी मशीन थांबवून वाचून दाखवलं. आई बऱ्याच वेळाने वर आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावरून काही कळेना. "काय लिहिलंय?" मी विचारलं. "माझं पत्र आहे," ती म्हणाली.

तू तिला काय लिहिलंस मला माहीत नाही. विचारणारही नाही. तू तिला माफ केलंस का, मला करणार आहेस का, हे या घरात मी आता कुणालाच विचारू शकत नाही.

पेपर मात्र अजून मीच वाचून दाखवतो, कारण शिंपीणबाईंना सकाळी वेळ नसतो. आज एका पुलाच्या उद्घाटनाची बातमी होती, साधीच. मधेच आईने मला थांबवलं. "खरंच असं लिहिलंय?"

मी पेपर तिच्यासमोर धरला. तिने चष्मा पुढे-मागे केला, माझ्या बोटाखालच्या ओळीवर नजर लावून बसली. तिला एक अक्षर दिसलं नसणार. मी बोट तेवढं हलू दिलं नाही. तिने पेपर मला परत दिला.

"बरं," म्हणाली. "पुढे वाच."

धाकटा